संध्याकाळचं लोड उतरवायचं कसं? सांगलीतल्या सोसायटीसाठी

सोसायटीच्या फळ्यावर मी पहिली नोटीस लावली ती अशी: "पीक अवरमध्ये पाण्याची मोटर चालू करू नये." दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या अण्णांनी मला गेटवरच गाठलं. "कुठलं पीक रे? ऊस का द्राक्ष?" अण्णांची कवठेमहांकाळकडं बाग आहे, तेव्हा चेष्टाच होती. पण वॉचमनला विचारलं तर त्यालाही नोटीस कळली नव्हती, आणि मोटरचं बटण त्याच्याच हातात. मग खडूनं लिहिलं, "संध्याकाळी पाच ते रात्री बारा मोटर नको." हे सगळ्यांना कळलं.

विश्रामबागेत आमची २४ फ्लॅटची इमारत. मी सेक्रेटरी झालो तेव्हा विजेतलं मला बिल भरण्यापलीकडं काही येत नव्हतं. ज्यांच्या गळ्यात नुकतीच अशी माळ पडलीय, त्यांनी कुठून सुरुवात करावी आणि कशाच्या नादी लागू नये, ते सांगतो.

आधी ठरवा, कुठला पीक उतरवायचाय

पीक म्हणजे ज्या वेळी सगळ्यांचा वापर एकदम चढतो ती वेळ. पण असे पीक तीन असतात आणि नवखा माणूस त्यांची खिचडी करतो.

पहिला राज्याचा. दिवसा सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती संपते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, एसी, इंडक्शन, टीव्ही सुरू होतात. कोळशाचा संच झटपट चढवता-उतरवता येत नाही. पाण्यावरचा संच काही मिनिटांत लोड घेतो. म्हणून आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातल्या कोयनेला संध्याकाळी एवढं महत्त्व. चारही टप्पे आणि धरणपायथा मिळून १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प, पण विजेसाठी पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी एवढं ठरलेलं. ते जपून, गरजेच्या वेळी सोडायचं. शिवाय ते सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतं, परत कृष्णेत येत नाही. सांगलीकराला याहून जास्त सांगायची गरज नाही.

दुसरा पीक तुमच्या डीपीचा. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर चार-पाच इमारती असतील तर हिवाळ्यात सकाळी साडेसहाला, सगळे गीझर एकदम लागले की फ्यूज उडतो. तेव्हा राज्यात विजेची ओढाताण असो नसो, तुमची लाईट गेलेली असते.

तिसरा तुमच्या मीटरचा. मंजूर भारापेक्षा जास्त ओढलं तर मेन एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, पडतो. व्यापारी किंवा मोठ्या जोडणीला कमाल मागणीवर आकार लागतो आणि ठरलेल्या मागणीच्या वर गेलं की तो दंडाच्या दरानं.

आमच्याकडं मोठा त्रास दुसऱ्या पीकचा होता, थोडा तिसऱ्याचा. मी मात्र तीन महिने पहिल्याच्या मागं लागलो होतो. तुमचा त्रास कुठला, ते आधी कागदावर लिहा.

बिल पुढ्यात घ्या

कॉमन मीटरची, म्हणजे सोसायटीच्या सामाईक वापराच्या मीटरची, मागची बारा बिलं काढा. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की मिळतात. बिलावर चार गोष्टींना पेनानं गोल करा: मंजूर भार, स्थिर आकार, महिन्याचे युनिट, आणि असेल तर वेळेनुसार वापराचा तक्ता.

हा तक्ता टीओडी मीटरवाल्यांनाच येतो. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणं दर. कारखान्यांना हे जुनंच आहे. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त असायची, म्हणून कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला भट्ट्या लावायची पद्धत पडली. आता गणित सूर्याकडं सरकलंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सूर्याच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि पीकच्या वेळी जास्त ठेवायला सांगितलंय. महाराष्ट्रात टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं सवलत आहे. किती पैसे, ते दराच्या आदेशाप्रमाणं बदलतं, तेव्हा ताज्या बिलावरच बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यावर टायमर लावू नका. आमच्या एका सभासदानं गाडी रात्री दहानंतर लावा म्हणून सगळ्यांना पढवलं होतं, ते कारखान्यांच्या जुन्या तक्त्यावरून.

एक दिवस मीटररूममध्ये बसा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आणि सगळ्यात उपयोगी पण हेच. रविवार नको, साधा मंगळवार-बुधवार धरा. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासानं कॉमन मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. एकट्यानं होत नाही, चौघांनी पाळ्या लावा. आम्ही दहावी झालेल्या दोन पोरांना वडापावच्या बोलीवर बसवलं होतं.

एका क्षणाला किती लोड आहे हे बघायचं तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती वेळा दिवा लागतो तो आकडा छापलेला असतो. समजा ३,२०० आहे. एका मिनिटात १६० वेळा लुकलुकला, तर तासाला ९,६००. त्याला ३,२०० नं भागा, ३ आले. म्हणजे आत्ता ३ किलोवॉट चाललंय. आता मोटर बंद करायला सांगा आणि परत मोजा. फरक पडला तो मोटरचा. वीस रुपयांच्या वहीत होणारं काम आहे, महागडी यंत्रं मागवू नका. इलेक्ट्रिशियनकडं टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) असेल तर प्रत्येक फेजचा, म्हणजे इमारतीत येणाऱ्या तिन्ही लाईनींचा करंट मात्र त्याच दिवशी बघून घ्या. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही आणि पॅनल उघडायचं ते परवानाधारक माणसानंच.

आमच्या वहीत आलं ते असं: कॉमन मीटर दिवसभर शांत, संध्याकाळी सात ते नऊ चढलेला. मोटर, लिफ्टच्या फेऱ्या, पार्किंगचे दिवे आणि चार्जिंगला लावलेल्या सहा स्कूटर, सगळं एकाच वेळी. शिवाय तिन्ही फेजमध्ये एकावर निम्म्याहून जास्त भार. फेजची वाटणी इलेक्ट्रिशियननं दोन तासांत नीट केली आणि संध्याकाळी एमसीबी पडायचा तो त्याच आठवड्यात थांबला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पाणी: इथं जास्त वेळ घाला

हलवता येण्यासारखं सगळ्यात सोपं लोड म्हणजे पाणी. टेरेसवरची टाकी ही आपली कोयना आहे. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवून ठेवायचं, संध्याकाळी ते आपोआप खाली येतं.

हिशेब करून बघू. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा मापदंड. आमच्याकडं माणसं शंभराच्या आसपास, म्हणजे साडेतेरा हजार लिटर. खालच्या टाकीतून १८-२० मीटर वर चढवायचं. ३ एचपीची मोटर पाऊण तासात हे काम करते आणि दोन युनिटच्या आसपास खाते. दोन युनिट म्हणजे काहीच नाही! म्हणूनच मोटरची वेळ बदलून बिल अर्ध्यावर येईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण त्या पाऊण तासात ती पावणेतीन किलोवॉट ओढते आणि ते नेमकं साडेसातला ओढते. युनिट आणि किलोवॉट यांतला फरक इथं कळतो. युनिट म्हणजे किती लिटर पाणी वापरलं, किलोवॉट म्हणजे नळ किती मोठा सोडला.

बोअरची मोटर वेगळी. पाणी शंभर मीटरवरून ओढत असेल तर तेवढ्याच पाण्याला पाचपट वीज लागते. बोअर दुपारी चालवून खालची टाकी भरून घ्या, त्यात पैसेही दिसतील.

आता टायमर. मोटरच्या स्टार्टरला टायमर, वरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीप्रमाणं मोटर चालू-बंद करणारा) आणि खालच्या टाकीतही फ्लोट. खालचा विसरू नका, नाहीतर महापालिकेचं पाणी न आलेल्या दिवशी मोटर कोरडी पळून सील जाईल. वेळ सकाळी ११ नंतर, संध्याकाळी ५ च्या आत कधीही. फक्त एक बघा: दुपारी तीनला भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पुरली पाहिजे, आणि त्यात सकाळच्या आंघोळी येतात. आमची टाकी दहा हजारांची, पुरेना. आणखी पाच हजारांची काळी टाकी ठेवू या म्हणून सभेत सगळे तयार झाले. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. स्लॅब तपासल्याशिवाय ते वर चढवायचं नाही. आम्ही टाकी घेतलीच नाही, पहाटे पाचला पंधरा मिनिटांची दुसरी फेरी लावली. फुकटात काम झालं.

इथं मी एक घोळ घातला, तो तुम्ही घालू नका. उत्साहात मोटर, बोअर आणि बागेचा पंप असे तिन्ही टायमर बरोबर ११ वर लावले. तिन्ही एका सेकंदाला उठले आणि मेन पडला. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आक्का भाजीच्या पिशवीसकट अडकल्या. संध्याकाळचा पीक उचलून सकाळी अकराला आणून ठेवला होता मी. आता बोअर ११ ला, मोटर १२:३० ला, बाग २ ला. शिवाय इलेक्ट्रिशियननं दोन कॉन्टॅक्टर (विजेनं चालू-बंद होणारे स्विच) असे जोडलेत की बोअर चालू असताना मोटर उठतच नाही.

फ्लॅटच्या आत

इथं तुमचा हुकूम चालत नाही. नोटिशीनं कुणी गीझर बंद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चार घरांत जाऊन चहा पीत बोललो तेव्हा काम झालं.

आक्कांचं उदाहरण देतो. त्यांच्याकडं घरघंटी आहे आणि शेजारच्या दोन-तीन घरांचं दळणही त्या करून देतात. रोज संध्याकाळी सातला. म्हटलं, "आक्का, दळण दुपारी होईल का?" तर म्हणाल्या, "दुपारी मी झोपत्ये. आणि सातला मालिका असत्ये, आवाजात तसंही काही ऐकू येत नाही मला, मग दळण तरी होतं." यावर काय बोलणार? पण आठवड्यानं त्यांनीच सांगितलं, सकाळी दहाला लावत्ये, लाईटचं व्होल्टेज चांगलं असतं, पीठ तापत नाही. पीठ खरंच कमी तापतं की नाही, मी वाद घातला नाही.

धुण्याचं यंत्र, इस्त्री, घरघंटी, भांड्यांचं यंत्र हे हलण्यासारखं. पंखा, दिवा, स्वयंपाक हलत नाही. गीझर अर्धवट हलतो. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धा युनिट, २ किलोवॉटच्या गीझरला पंधरा-सोळा मिनिटं. झाकबंद टाकीतलं पाणी तासभर सहज गरम राहतं. म्हणून साडेपाचला लावून सहाला बंद केला तरी सातची आंघोळ होते. छोटे झटपट तापवणारे गीझर घेऊ नका म्हणून मी सगळ्यांना सांगतो. ते ३ किलोवॉट किंवा जास्त ओढतात आणि आंघोळ चालू असेपर्यंत ओढतच राहतात. आमच्या डीपीचा फ्यूज वाचला तो बरोबर निम्म्या घरांनी गीझर लवकर लावायला सुरुवात केल्यावर.

एसीचं सांगलीत एप्रिल-मेमध्येच. पाच वाजायच्या आधी, म्हणजे साडेचार-पावणेपाचला खोली थंड करून दारं-पडदे लावून ठेवा आणि संध्याकाळी २६ वर पंख्यासोबत चालवा. ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं की एक अंश वर ठेवला की वीज सहा टक्क्यांच्या आसपास वाचते. २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी २४ वरच सुरू होतात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून साधी बांबूची चटई लावली तर त्याचा फायदा मला एसीच्या आकड्यापेक्षा जास्त वाटला.

आणि पंखे. यांच्याकडं कुणी बघत नाही. जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३० च्या आसपास. रात्री आठला इमारतीत ६० पंखे चालू धरा, पंख्यामागं ४५ वॉट, म्हणजे २.७ किलोवॉट. पाण्याची मोटर हलवून जेवढं उतरलं, जवळपास तेवढंच. तेही कुणाला वेळ न सांगता, टायमर न लावता. आम्ही वीस घरांची एकत्र खरेदी केली, दुकानदारानं भाव सोडला.

स्कूटर आणि गाड्या

येत्या दोन-तीन वर्षांत सोसायटीतलं मोठं भांडण हेच असणार. विजेवरच्या स्कूटरचं ठीक आहे, निभतं. चारचाकी साध्या सॉकेटवरही ३ किलोवॉटच्या पुढं ओढते आणि कामावरून आलेला माणूस ती सातलाच लावतो. आत्ताच नियम करा: चार्जिंगचं वेगळं सबमीटर, टायमर असलेला सॉकेट, मध्यरात्रीनंतर किंवा दुपारी. दोन गाड्या असतानाच ठरवा, दहा झाल्या की सभेत ठराव होत नाही.

सोलर बसवलं की झालं?

नाही. टेरेसवरचं सोलर दुपारी पिकतं, आपला पीक संध्याकाळी. आधी पाणी, बोअर, धुणं दुपारी आणा आणि मग सोलर बसवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, तेव्हा लोड दुपारी सरकल्यावर किती किलोवॉट लागतील हे वहीवरून काढूनच कोटेशन घ्या. आम्हाला एका ठेकेदारानं गरजेच्या दुप्पट सुचवलं होतं. वही दाखवल्यावर तो निम्म्यावर आला. बॅटरीच्या भानगडीत एवढ्यात पडू नका, आपल्याकडं टाकी आहे.

दुकान, दवाखाना, कोल्ड स्टोरेज असेल तर

थोडक्यात सांगतो. तुमची कमाल मागणी अर्ध्या तासाच्या सरासरीवर मोजली जाते. दहा मिनिटं २० किलोवॉट आणि उरलेली वीस मिनिटं ८ ओढले, तर सरासरी १२. म्हणजे लिफ्टच्या क्षणभराच्या झटक्याला घाबरायचं कारण नाही, घाबरायचं ते सलग अर्धा तास एकदम चालणाऱ्या यंत्रांना. मिरजेतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी एवढंच केलं: उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र आणि लाँड्री एका वेळी चालवायची नाही. मागणी ठरलेल्या आकड्याखाली आली.

तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचं तर नशीबच. हजारो खोकी स्वतःच थंडी धरून ठेवतात. माल सोसेल त्या मर्यादेत दुपारी खोली एक-दोन अंश जास्त गार करायची, संध्याकाळी दरवाजा बंद ठेवून कॉम्प्रेसर विसावू द्यायचा. मात्र संध्याकाळी हमालांनी माल आत-बाहेर केला की सगळं पाण्यात, तेव्हा ट्रकची वेळ आधी बदला.

महिन्यानं परत वही काढा

तोच वार, तीच अर्ध्या-अर्ध्या तासाची रीडिंग. आमचा संध्याकाळचा कॉमन लोड निम्म्याच्या खाली आला होता, बिलात मात्र फरक थोडाच. सभेत एकानं विचारलंच, "मग एवढा उपद्व्याप कशाला?" त्याला म्हटलं, मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्ज मागं घेतला, त्याचे पैसे मोज. शिवाय या हिवाळ्यात १९१२ ला किती वेळा फोन केलास ते आठव. एक लक्षात ठेवा, लाईट जाऊन आली की काही टायमरची घड्याळं मागं पडतात. बॅटरी बॅकअपवालाच घ्या आणि महिन्यातून एकदा घड्याळ तपासायचं काम वॉचमनच्या यादीत घाला.

आणि पावसाळ्याचं वेगळं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की सगळे टायमर बंद करून मोटर हातावर घ्या. वरची टाकी भरून ठेवा, खालच्या टाकीचं झाकण आवळा आणि पार्किंगमधल्या चार्जिंगच्या सॉकेटांचा एमसीबी पाडून ठेवा. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही मीटरबोर्ड पाच फूट वर उचललाय, तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी पॅनलवर खडूनं लिहून ठेवतो: "टायमर बंद. मोटर विचारून."